पोट ओळखणारे हात

मंगेरे, ऑकलंड
१८ मे १९९३

विकाताई,

हे पत्र सेमिसीने लिहायला हवं होतं, पण तो लिहिणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. बहिणीपुढे भावाने बायकोच्या पोटाचा विषय काढायचा नसतो. इथे टीव्हीवर एखादी गरोदर बाई दिसली तरी भाऊबहिणींपैकी एक जण उठून पाणी प्यायला जातो. मी तुमचा भाऊ नाही आणि तुमच्यापुढे लाजावं असं माझ्याकडून काही घडलेलंही नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मला दिवस गेले आहेत. अठरावा आठवडा चालू आहे. काल इस्पितळात यंत्राने पोट तपासलं. डॉक्टरीण तरुण आहे, बोलकी आहे. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बाळ, आणि हे त्याचे तीन शेजारी." ती हसली. मला हसू आलं नाही. गर्भाशयाच्या भिंतीत तीन गाठी आहेत. फायब्रॉइड म्हणतात. दोन लिंबाएवढ्या, तिसरी संत्र्याएवढी, आणि ती नेमकी खाली, बाळाच्या बाहेर पडायच्या वाटेवर. कर्करोग नाही, बऱ्याच बायकांना असतात, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाळाबरोबर गाठी वाढू शकतात म्हणाली.

बसमधून घरी येताना मात्र माझ्या कानात तुमचं वाक्य घुमत होतं.

चार वर्षांपूर्वी आपल्या बेटावर, पांगाईत आमचं लग्न झालं. नवऱ्याची थोरली बहीण म्हणून तुम्ही मानाच्या जागी बसला होता, सगळ्यांत उंच चटयांवर. माझ्या आईने अकरा महिने झाडाची साल कुटून, रंगवून केलेलं कापड तुमच्यापुढे अंथरलं. तुम्ही ते पायाने मागे लोटलंत, आणि तीनशे माणसांसमोर म्हणालात, "सालोमे, तुला पोटं ओळखता येतात ना? मग आता लेकीचं पोट ओळखत बस!" डुकरं वाहून आणणारे गडीसुद्धा जागच्या जागी थांबले होते.

त्यानंतर माझी दोन मुलं गेली. पहिलं दहाव्या आठवड्यात, दुसरं चौदाव्या. भेटायला येणारी प्रत्येक बाई चहाचा कप हातात घेऊन एकच विचारायची, "मुलाची आत्या नाराज आहे का गं?" मी म्हणायचे, आत्याच्या शापाने मूल जातं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तो आजही नाही. पण कोण आपलं वाईट चिंततंय हे कळायला विश्वास लागत नाही.

मी माफी मागायला लिहीत नाहीये, तर सांगायला लिहिते आहे. हे मूल जन्माला येणार आहे, आणि त्याचं नाव तुम्ही ठेवणार नाही. आत्याचा हक्क असेल तर असू दे. त्याचं नाव तुम्हाला बंदरावर कुणातरी परक्या माणसाकडून कळेल.

लेसिएली


पांगाई, हापाई
८ जून १९९३

लेसिएली,

बोट दहा दिवस बंद होती, नाहीतर तुझा राग गरमागरम मिळाला असता.

कापड मी पायाने लोटलं नाही. हाताने लोटलं. एवढा राग धरायचा तर आधी नीट बघायचं तरी. ते वाक्य मात्र माझंच. सतरा वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं आणि बोलल्यावर त्या रात्री मला फार छान झोप लागली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन, आणि जरा मोठ्याने.

नाव तू खुशाल ठेव. आईला विचारून ठेव, तिला सगळंच कळतं.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. तिसरी गाठ पुढच्या भिंतीत आहे की मागच्या? दाबल्यावर दुखते का? लघवीला सारखं जावं लागतं का? आधीची दोन मुलं गेली तेव्हा कुणी यंत्राने तपासलं होतं, की तुझ्या आईनेच हात लावून निदान केलं?

आणि गाठींचं आईला सांगितलंस का? सांगितलंस तेव्हा तिचं तोंड कसं झालं? हे शेवटचं सविस्तर लिही. मला सावकाश वाचायचं आहे.

विका


मंगेरे
२२ जून १९९३

विकाताई,

माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. माझं कुठे दुखतं, किती दुखतं, सगळं तुम्हाला हवंय. घ्या तर मग. गाठ पुढच्या भिंतीत आहे. दाबलं की दुखते. लघवीला तासातासाला जावं लागतं, आणि हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी घालता घालता चारदा रजा मागितली की मुकादमीण डोळे वटारते. झालं समाधान?

तुमचं पत्र मी घरी आईला दाखवलं. ती एकदम पांढरी पडली. पत्राची घडी घालून तिने बायबलखाली ठेवलं आणि म्हणाली, "त्या लांबडीला पुन्हा लिहिशील तर बघ." ती तुमचं नाव कधीच घेत नाही. तुम्ही तिच्यासाठी 'ती लांबडी' नाहीतर 'सेमिसीची ती'. लग्नाच्या आधीसुद्धा असंच होतं. मला वाटायचं, उंचीवरून चेष्टा करते.

गाठींचं ऐकून ती आधी हसली. म्हणाली, "या हातांनी चारशे पोरं बाहेर काढली. यंत्राला काय कळतंय!" तेव्हापासून रोज जेवल्यावर ती खोबरेल घेऊन बसते आणि माझं पोट चोळते. डोळे मिटून खाली खालपर्यंत चाचपते. संत्र्याएवढ्या गाठीवर बोटं टेकवून म्हणते, "ही कसली गाठ, हे तर डोकं! डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे." दुखतं, पण बरंही वाटतं. निदान घरात एक माणूस तरी माझ्या बाजूचं आहे.

लग्नात तुम्ही दिलेला कासवाच्या पाठीचा कंगवा याच पाकिटात परत पाठवते आहे. त्याचे दोन तुकडे पोस्टात झालेले नाहीत. मी केले आहेत.

लेसिएली


पांगाई
८ जुलै १९९३

लेसिएली,

आधी हे वाच आणि मग हवं तर बाकीचं फाडून टाक. तुझ्या आईला तुझ्या पोटाला हात लावू देऊ नकोस. ते डोकं नाही.

'डोकं खाली आहे.' हे तीन शब्द वाचून मी खुर्चीवरून उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारच्या सेलाने विचारलं, "काय गं, कुणी गेलं का?"

मी बावीस वर्षांची होते. फोआच्या शाळेतल्या इनोके मास्तराशी माझं ठरलं होतं, चटयांची देवाणघेवाण झाली होती. त्या वर्षी माझं पोट वाढायला लागलं. अंगावरून जायचंही फार, पण ते कुणाला सांगणार? आमच्या आईने गावची सुईण बोलावली. तुझी आई. तिने दार लावलं, मला आडवं केलं, डोळे मिटून चाचपलं आणि माझ्या आईला सांगितलं, "पाच महिने झालेत. डोकं खाली आहे."

मी शपथा घेतल्या. कोण ऐकतो? सालोमेचे हात चुकत नाहीत हे अख्ख्या हापाईला पाठ होतं. रविवारी पाळकांनी माझं नाव गायकांच्या यादीतून काढलं. बापाने माझा पांढरा झगा चुलीत घातला. इनोकेची माणसं येऊन चटया उचलून घेऊन गेली, आणि तो बाहेर रस्त्यावर पाठ करून उभा होता. मला मागच्या झोपडीत ठेवलं, मूल होईपर्यंत. मी सात महिने वाट पाहिली, लेसिएली. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की आत कुणीतरी आहे. मी त्याच्याशी बोलायचे.

मूल झालं नाही. पोट तसंच राहिलं. मग गावाने ठरवलं, हिने मूल समुद्रात टाकलं आणि आता सूज राहिली आहे. आणखी एक वर्षाने मामाने मला राजधानीत, नुकुअलोफाला नेलं. तिथल्या सर्जनने सात गाठी काढल्या, सगळ्यांत मोठी नीरफणसाएवढी, आणि त्यांच्याबरोबर गर्भाशयही गेलं. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "मूल?" तो म्हणाला, "बाई, मूल कधी नव्हतंच."

परत आल्यावर मी तुझ्या आईच्या दारात गेले. पोटावरचे टाके दाखवले. ती चटई विणत बसली होती. मान वर करून म्हणाली, "माझे हात चुकत नाहीत," आणि उठून दार लावलं.

सेमिसी तेव्हा सात वर्षांचा. त्याला कुणी काही सांगितलं नाही, पुढेही नाही. भावाला बहिणीच्या पोटाबद्दल कोण सांगणार? म्हणून तो ऑकलंडला गेला आणि सगळं जग सोडून सालोमेच्या मुलीला पसंत करून आला. तिच्या हातांनी केलेल्या कापडावर बसून मी तुमची लग्नाची केळी खायची होती!

मी तुला शाप दिला नव्हता. तिला तिचे हात दाखवले होते. त्या मांडवात ते तिला एकटीलाच कळलं. तिने तुला सांगितलं नाही, कारण शाप म्हटलं की दोष माझ्याकडे राहतो.

कंगवा चिकटवला आहे. दोन दात गेले.

विका


मंगेरे
२ ऑगस्ट १९९३

विकाताई,

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ते न्हाणीघरात बसून वाचलं आणि मला तुमचा भयंकर राग आला. म्हटलं, ही बाई खोटं बोलते आहे, मला आईपासून तोडायला बघते आहे. दिवसभर आईशी नेहमीसारखी बोलले, रविवारी तिच्या शेजारी बसून प्रार्थना केली.

सोमवारी धुलाईखान्यात पोटात कळ आली. ती कळ नव्हतीच, कुणीतरी आत विळ्याने कापत होतं. मी चादरींच्या ढिगावर कोसळले. अंगात ताप होता. मुकादमिणीनेच गाडीत घातलं मला, शिव्या देत देत. सगळ्या रस्त्याने मी पोटाला धरून म्हणत होते, तू जाऊ नकोस, तू जाऊ नकोस.

बाळ गेलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, मोठी गाठ इतक्या झपाट्याने वाढली की तिला पुरेसं रक्त मिळेना, म्हणून ती आतून मरते आहे. त्याचं हे दुखणं. कुणाची चूक नाही, होतं असं. पाच दिवस इस्पितळात ठेवलं. गाठ आता पपनसाएवढी आहे. बाळ तिच्यावरून बाहेर येऊ शकणार नाही, पोट कापूनच काढणार, आणि गाठींमुळे रक्त जास्त जाईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई आली. कोटाच्या आत खोबरेलची बाटली. नर्स गेल्याबरोबर तिने माझं पांघरूण बाजूला केलं. मी तिचं मनगट धरलं.

"आई, विकाताईच्या पोटात काय होतं?"

ती तुमचं नाव ऐकून दचकली. मग म्हणाली, "मूल."

"मग गेलं कुठे?"

"समुद्राला विचार जाऊन."

असं म्हणाली. माझं पोट समोर उघडं असताना. मी तिचं मनगट सोडलं आणि नर्सला बोलावणारी घंटी दाबली.

तेव्हापासून ती घाबरली आहे. सेमिसीच्या काकांमार्फत तुमच्याकडे रिवाजाप्रमाणे पेयाची कावाची मुळं आणि डुक्कर पाठवून माफी मागायची म्हणते, म्हणजे तुम्ही शाप मागे घ्याल. माफी कोणी मागायची, तर सेमिसीने! त्या बिचाऱ्याला अजून काही ठाऊक नाही. तो मला एवढंच म्हणाला, "ताई रागावली असेल तर तूच काहीतरी कर, मला विचारता येत नाही."

विकाताई, मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते लिहिलं. आता मला सांगा, तुम्हाला काय हवंय?

लेसिएली


पांगाई
१६ ऑगस्ट १९९३

लेसिएली,

डुक्कर नको. माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्ही कुंपण मोडतात.

मला सालोमे उभी राहिलेली हवी. तुमच्या तिथल्या चर्चमध्ये अर्धी पांगाई येते, मला माहीत आहे कोण कोण. तिने रविवारी प्रार्थनेनंतर उठायचं आणि म्हणायचं, विकाच्या पोटात मूल नव्हतं. मी चुकले, मला कळलं होतं, आणि मी गप्प राहिले. एवढंच. रडायची गरज नाही.

शाप नाही हे मला ठाऊक आहे, तुलाही. गाठी कुणाच्या शापाने येत नाहीत. मला तरी कुणी दिला होता? पण तिला हे ठाऊक नाही, आणि तेवढंच आपल्या हातात आहे. तिला सांग, बाळाची आत्या नाराज आहे. फार नाराज आहे. ते वाक्य ऐकेपर्यंत नाराज राहणार आहे.

हे चांगलं काम नाही. मी काही चांगली बाई नाही, निदान या बाबतीत नाही. एकवीस वर्षं मी त्या बाईचं वाईट चिंतलं आणि माझा एक दिवसही फुकट गेला असं मला वाटत नाही. तू मात्र तिची लेक आहेस. तुला जमत नसेल तर हे पत्र जाळ. मी तुला काही म्हणणार नाही.

विका


मंगेरे
६ सप्टेंबर १९९३

विकाताई,

पत्र जाळलं नाही. उलट चांगलं आठवडाभर ते वापरलं.

आईला म्हटलं, "आत्या नाराज आहे. कावा नको म्हणते, डुक्कर नको म्हणते." ती म्हणाली, "मग काय हवंय तिला?" मी सांगितलं. तिने पातेलं आपटलं. दुसऱ्या दिवशी मी पोट धरून बसले, खरंच थोडं दुखत होतं, बाकीचं मी वाढवलं. ती येरझाऱ्या घालायला लागली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं नाव जाईल गं. चारशे बायकांनी या हातांवर भरवसा ठेवला." मी म्हटलं, "चारशेएक. मीही ठेवला होता." माझी मलाच भीती वाटली विकाताई, इतक्या थंडपणे बोलले मी.

शनिवारी संध्याकाळी ती माझ्यापुढे येऊन बसली आणि आपणहून बोलली. तुमच्या ऑपरेशननंतर महिन्याभरातच तिला नुकुअलोफाच्या एका नर्सकडून सगळं कळलं होतं. "पण तेव्हा कबूल केलं असतं तर पुन्हा कुणी दारात बोलावलं नसतं मला. नवरा गेलेला, तू पाच वर्षांची." म्हणजे दार लावलं ते भूक टाळायला. मला क्षणभर तिची दया आली. मग मला तुमची मागची झोपडी आठवली.

काल चर्च भरलेलं होतं. आईने कमरेला सगळ्यांत जुनी, फाटकी चटई बांधली होती, सुतकात बांधतात तशी. प्रार्थना संपल्यावर ती उठली. म्हणाली, "मी सुईण होते तेव्हा पांगाईत माझ्या हातून एकदा चूक झाली. देव मला क्षमा करो." आणि खाली बसायला लागली. झालं! सगळ्या बायका माना हलवून 'आमेन' म्हणणार, एवढ्यात मी उभी राहिले. हे एवढं पोट घेऊन, पुढचं बाक धरून.

"कसली चूक, आई?"

पाळक खोकले. सेमिसी माझा झगा ओढत होता. आई अर्धी वाकलेली तशीच राहिली.

"एका मुलीच्या पोटात गाठी होत्या," ती म्हणाली. "मी मूल आहे म्हणून सांगितलं."

"नंतर कळलं का तुला?"

"कळलं."

"मग सांगितलंस का कुणाला?"

"नाही."

"कोण मुलगी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. असं तिने मला कधी पाहिलेलं नाही, मी कुणी परकी असल्यासारखं. "सेमिसीची बहीण," ती म्हणाली.

"नाव काय तिचं?"

ती बसली. मी दोनदा विचारलं, तिने तोंड उघडलं नाही. पण चर्चमधल्या सगळ्यांना कळलं. मागच्या बाकावरची म्हातारी तोकिलुपे, तुमच्याबरोबर गायची ती, मोठ्याने रडायला लागली. आणि सेमिसी उठून बाहेर गेला. बहिणीच्या पोटाची गोष्ट निघाली म्हणून गेला असं लोकांना वाटलं. मी नंतर पाहिलं, तो गाडीत स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. त्याला आता सगळं ठाऊक आहे. तो तुम्हाला काही लिहू शकणार नाही. पण काल रात्रीपासून तो आईशी एक शब्द बोललेला नाही.

नाव तेवढं तिने घेतलं नाही. ते राहिलं.

लेसिएली


पांगाई
२० सप्टेंबर १९९३

लेसिएली,

तुझ्या पत्राच्या आधीच बातमी इथे पोचली. तोकिलुपेने तिच्या बहिणीला फोन केला, बहिणीने बेकरीत सांगितलं. मंगळवारी पाव घ्यायला गेले तर रांगेतल्या बायका बाजूला झाल्या आणि मला पुढे जाऊ दिलं. पाव शिळा होता. मी बाहेर येऊन तिथेच तो कोरडा खाल्ला.

मला वाटलं होतं याने भागेल. नाही भागलं. त्या बाईने माझं नाव चिखलात टाकलं आणि उचलताना बोटांनाही चिखल लावून घेतला नाही.

या पाकिटात दुसरं लहान पाकीट आहे, चिकटवलेलं. त्यात बाळाचं नाव आहे. मुलगा असो की मुलगी, चालेल. पहिल्या पत्रात तू म्हणालीस मी नाव ठेवायचं नाही. तुझा शब्द तुला पाळायचा असेल तर पाकीट उघडू नकोस, मी समजेन. उघडायचं असेल तर मूल जन्मल्यावर, आणि तुझी आई खोलीत असताना.

बरोबर चटई पाठवते आहे, बाळाला ठेवायला. ती मीच विणली आहे, एकवीस वर्षांपूर्वी, त्या मागच्या झोपडीत. कोणासाठी विणत होते ते तुला सांगायला नको. वापरलेली नाही.

आता नीट ऐक. डॉक्टरला आधीच रक्त तयार ठेवायला सांग. लाजू नकोस, दहा वेळा सांग. चर्चमधल्या तरण्या पोरांना रक्त द्यायला पाठव, कामाला येऊ देत जरा. ठरलेल्या दिवसाआधी कळा आल्या तर थांबून राहू नकोस, आणि तुझ्या आईला काय वाटतं ते विचारू नकोस. तुझं वाईट मी कधी चिंतलं नाही. हे आधीच्या पत्रांत लिहायला हवं होतं. मला भीती वाटते आहे, लेसिएली.

विका


मंगेरे
२ नोव्हेंबर १९९३

विकाताई,

टाके काढले, आता बसून लिहिता येतं.

सहा ऑक्टोबरला सकाळी मुलगी झाली. अडीच किलो, केस भरपूर. बाळ काढलं आणि मग रक्त थांबेना. गाठींमुळे गर्भाशय आवळेना, असं नंतर सांगितलं. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, त्यातल्या दोन आधी सांगितलं म्हणून तयार होत्या. गर्भाशय काढावं लागेल म्हणून सेमिसीकडून कागदावर सही घेतली होती. काढावं लागलं नाही. गाठी अजून आत आहेत, डॉक्टरीण म्हणते आता हळूहळू आक्रसतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचं पाकीट उघडलं. सेमिसी होता, आई होती. तुमची चटई अंथरून त्यावर बाळाला ठेवलं होतं. आईने लगेच तिला उचलून घेतलं होतं, सोडत नव्हती. कागदावर एकच शब्द. सेमिसीने तो आधी मनात वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मग मोठ्याने वाचला.

"विका."

आईने बाळ माझ्या कुशीत परत ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी माझा शब्द मोडला, विकाताई. नाव तेच ठेवलं. जन्माच्या दाखल्यावर तेच आहे.

त्यानंतर साडेतीन आठवडे आई तिला 'पाखरू' म्हणत राहिली, नाहीतर 'ए बाळा'. शेजारणी विचारायच्या, "नाव काय ठेवलं आजीबाई?" ती म्हणायची, "विचारा तिच्या आईला." सेमिसी मुद्दाम दहा वेळा हाक मारायचा, "विका, दूध प्यायलीस का? विका, आजीकडे जातेस का?" आई उठून भांडी घासायला जायची, घासलेलीच.

काल दुपारी सेमिसी कामावर गेला होता. बाळ रडायला लागलं. मी आतल्या खोलीत पडले होते, आई बाहेर पाळण्याशी. ती म्हणाली, "पाखरू, गप." रडणं वाढलं. "ए बाळा. ए सोन्या." रडणं आणखी वाढलं. आईने मला हाक मारली. मी जागी होते, आवाज ऐकत होते, छाती दुधाने ठणकत होती. पण मी उठले नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझं मूल रडून रडून निळं पडलं असतं तरी मी उठले नसते, असं त्या क्षणी वाटलं, आणि ते खरं होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मग पाळण्याचा आवाज थांबला. आईने तिला उचललं असणार. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. आणि मग आईचा आवाज आला, अगदी बारीक.

"विका," ती म्हणाली. "विका, विका. गप गं माझी बाय. विका, गप."

बाळ गप्प झालं. आई गप्प झाली नाही. ती तुमचं नाव घेत घेत रडत होती. मी तशीच भिंतीकडे तोंड करून हसले, इतकी की टाक्यांच्या जागी दुखायला लागलं. मग उठून बाहेर गेले आणि दोघींनाही जवळ घेतलं.

सुट्टीत आम्ही पांगाईला येतोय. आईही येते आहे. बंदरावर या. तुम्ही तिथे असताना तिला नातीला हाक मारावीच लागेल.

तुमची,
लेसिएली